वास, ऊब आणि भुंगेऱ्याची रात्र



ज्यांनी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, अशा एका शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते. तिच्यात फुलांविषयी बोलायला मिळतंय याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र आज मी मधमाश्या आणि फुलपाखरं बाजूला ठेवणार आहे. त्यांच्याविषयी पुष्कळ बोललं गेलंय आणि ते योग्यच आहे. आज बोलायचंय ते भुंगेऱ्यांविषयी, आणि त्यांना बोलावून घेणाऱ्या उष्ण कटिबंधातल्या फुलांच्या वासाविषयी.

भुंगेरा म्हटलं की इथल्या शेतकऱ्यांच्या डोळ्यांपुढे हुमणी येते. वळवाचा पाऊस पडून गेला की तिन्हीसांजेला जमिनीतून हे भुंगेरे निघतात, कडुनिंबावर, बाभळीवर बसतात आणि पाला फस्त करतात. आपण फांद्या हलवून ते खाली पाडतो आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकतो. टणक पाठ, कवचाखाली घडी केलेले पंख आणि चावायला जबडा. जगात भुंगेऱ्यांच्या जवळजवळ 4 लाख जातींची नोंद झाली आहे. प्राण्यांच्या दुसऱ्या कुठल्याही गणात एवढ्या जाती नाहीत. फुलांशी त्यांची ओळखही फार जुनी. म्यानमारच्या अंबरमध्ये, म्हणजे झाडाच्या दगड झालेल्या राळेत, सुमारे 9 कोटी 90 लाख वर्षांपूर्वीचा एक भुंगेरा अंगावरच्या परागकणांसकट सापडला. त्याचं वर्णन 2019 साली प्रसिद्ध झालं.

तरीही पाठ्यपुस्तकांनी भुंगेऱ्याला कधी मान दिला नाही. तो फुलात घुसतो, पाकळ्या कुरतडतो, घाण करतो आणि त्या धसमुसळेपणात कधीतरी परागीभवन होऊन जातं, हीच त्याची ओळख पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. मला हे अन्यायाचं वाटतं. भुंगेऱ्यावर अन्याय आहेच, पण त्याहून मोठा अन्याय फुलावर आहे. ज्या फुलांनी भुंगेऱ्याला कामाला लावलं, त्यांनी त्याची अख्खी रात्र आखून ठेवलेली असते. केव्हा यायचं, कुठे शिरायचं, किती थांबायचं, केव्हा निघायचं, हे सगळं फूल ठरवतं, आणि मुख्यतः वासाने ठरवतं. आज मला सांगायचंय ते एवढंच.

आता, रात्र आखायची गरज काय? गरज अशी, की या फुलांपैकी बहुतेकांत स्त्रीकेसर आधी तयार होतात आणि पुंकेसर मागाहून. फूल आधी मादी असतं, मग नर होतं. स्वतःचे पराग स्वतःच्याच कुक्षीवर पडू नयेत यासाठीची ही सोय. पण त्यामुळे फुलापुढे पेच उभा राहतो. मादी असताना पाहुणा दुसऱ्या फुलाचे पराग घेऊन यायला हवा. नर झाल्यावर त्याने आपले पराग घेऊन जायला हवं. आणि गेल्यावर पुन्हा अशाच फुलाकडे जायला हवं, जे अजून मादी अवस्थेत आहे. अंधारात उडणाऱ्या, रंग फारसा न पारखणाऱ्या किड्याकडून हे एवढं काम करून कसं घ्यायचं?

सगळ्यात सुंदर उत्तर अ‍ॅमेझॉनच्या पाण्यात आहे. व्हिक्टोरिया हे कमळ तुम्ही चित्रात तरी पाहिलं असेलच. काठ वर वळलेली त्याची परातीसारखी पानं, आणि त्या पानावर बसवलेलं लहान मूल. 1849 साली जोसेफ पॅक्सटनने ते इंग्लंडमध्ये चॅट्सवर्थच्या काचघरात फुलवलं तेव्हा केवढा गाजावाजा झाला. पण लोक पाहत होते पानाकडे. रात्री फुलात काय चालतं याचा नीट छडा लागायला आणखी सव्वाशे वर्षं जावी लागली. गिलियन प्रान्स आणि जॉर्ज एरियास या दोघांनी ब्राझीलमधल्या मनौस शहराजवळ पाण्यात उतरून ही फुलं पाहिली आणि 1975 साली आपली निरीक्षणं प्रसिद्ध केली.

पहिली संध्याकाळ. दिवस मावळताना कळी उमलते. फूल पांढरंशुभ्र. पिकलेल्या फळासारखा दाट वास पाण्यावर पसरतो आणि फुलाचं अंतरंग बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे 10 अंशांनी गरम होतं. या वासावर सायक्लोसेफाला नावाचे भुंगेरे येतात. हे आपल्या हुमणीच्याच मोठ्या गोतावळ्यातले. कुक्षी तयार आहे, परागकोश मात्र अजून मिटलेले. भुंगेरे आत, अगदी तळच्या पोकळीत उतरतात. तिथे फुलाने त्यांच्यासाठी खास अवयव वाढवून ठेवलेले असतात, पिष्टाने भरलेले. ते खायला सुरुवात होते. कालच्या फुलातून अंगाला चिकटून आलेले पराग कुक्षीवर उतरतात. आणि मग फूल मिटतं.

पाहुणे आतच. रात्र जाते, दुसरा दिवस जातो. त्या बंद दालनात खाणं चालू आहे, मीलनही चालू आहे. दरम्यान पाकळ्यांवर गुलाबी, जांभळट छटा चढत असते आणि परागकोश पिकत असतात. दुसऱ्या संध्याकाळी फूल पुन्हा उघडतं. आता रंग वेगळा आणि वास गेलेला. भुंगेरे बाहेर निघतात, अंग फुलाच्या रसाने चिकट झालेलं, आणि वाटेतच उघडलेल्या परागकोशांना घासून जावं लागतं. पराग घेऊन ते उडतात. कुठे जातील? शेजारच्या दुसऱ्या गुलाबी फुलाकडे? नाही. त्याला वासच नाही. ते जातात त्या संध्याकाळी नव्याने उमललेल्या, पांढऱ्या, घमघमणाऱ्या फुलाकडे. काम झालेलं गुलाबी फूल पाण्याखाली जातं.

लक्षात घ्या, इथे वास असण्याला जेवढं महत्त्व आहे तेवढंच वास नसण्यालाही आहे. वास दोन्ही दिवस राहिला असता, तर भुंगेरा त्याच फुलात रेंगाळला असता किंवा नर अवस्थेतल्या फुलांमध्ये भटकत राहिला असता. योग्य वेळी गप्प बसणं हासुद्धा या फुलाच्या बोलण्याचाच भाग आहे.

मिटलेल्या फुलात अडकलेला कीटक मराठी मनाला परका नाही. कोरडं लाकूड पोखरणारा भ्रमर कोवळ्या कळीत मात्र अडकून राहतो, हा दृष्टांत ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात आहे. तिथे तो अर्जुनाच्या मोहाविषयी येतो, पण निरीक्षण किती चोख आहे! आपलं कमळ, म्हणजे आशियातलं पवित्र कमळ, व्हिक्टोरियाचं जवळचं नातलग नाही, तरी तेही आतून तापतं. रॉजर सिमोर आणि त्यांचे सहकारी शुल्ट्से-मोटेल यांनी ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या वनस्पतिउद्यानात कमळाचं तापमान मोजलं. बाहेर 10 अंशांपर्यंत गारठा असतानाही फुलाने स्वतःला 30 ते 36 अंशांच्या दरम्यान राखलं, आणि तेही काही दिवस सलग. हा शोध 1996 सालचा. कळीत अडकलेल्या त्या किड्याला ऊबही मिळत असणार, ही भर आजचं विज्ञान त्या जुन्या चित्रात घालू शकतं.

आता या उबेकडे येऊ, कारण वास आणि ऊब वेगळ्या करता येत नाहीत. वासाची रसायनं हवेत उडायला उष्णता लागते. फूल तापलं की वास भडकतो. पण वनस्पतीने तापावं तरी कसं? ब्राझीलचा एक फिलोडेंड्रॉन आहे, मोठ्या फाटक्या पानांचा. शोभेचं झाड म्हणून तो आपल्याकडच्या बंगल्यांच्या आवारातही दिसतो. त्याच्या फुलोऱ्याचा दांडा हवेचं तापमान 4 अंश असतानाही 38 अंशांवर राहतो आणि हवा 39 अंशांवर गेली तर 46 पर्यंत चढतो. म्हणजे बाहेर पस्तीस अंशांचा फरक पडला तरी आत फक्त आठ अंशांचा. हे 1972 साली प्रसिद्ध झालं तेव्हा लोक चकित झाले, कारण असं नियंत्रण आपण पक्ष्यांचं आणि सस्तन प्राण्यांचं समजत होतो. यासाठी तो जाळतो काय? चरबी. फुलोऱ्यातली वांझ नरफुलं साठवलेली स्निग्ध द्रव्यं थेट जाळतात.

मग प्रश्न येतो, एवढी ऊब फक्त वास पसरवण्यापुरतीच? फ्रेंच गियानाच्या जंगलात सिमोर यांनी दुसऱ्या एका फिलोडेंड्रॉनवर याचं उत्तर शोधलं. भुंगेऱ्याला रात्री अंग चालवायचं तर स्नायू तापवावे लागतात आणि त्यात बरीच शक्ती खर्च होते. त्यांनी मोजलं, तेव्हा उबदार फुलात बसलेल्या भुंगेऱ्याच्या तुलनेत बाहेरच्या हवेत तेवढीच हालचाल करणाऱ्या भुंगेऱ्याचा खर्च दुपटीपासून जवळजवळ पाचपटीपर्यंत निघाला. म्हणजे ही ऊब भुंगेऱ्याला मिळणारी मजुरीच आहे. मकरंदाच्या थेंबाऐवजी गरम खोली.

आणि हे तापणं सुरू करायचा इशारा कोण देतं? सुरणाच्याच कुळातली एक वनस्पती आहे, सॉरोमॅटम, आपल्या सह्याद्रीतही सापडणारी. तिच्या फुलोऱ्याचं टोक एका दिवसात हवेपेक्षा 14 अंशांपर्यंत वर जातं. हा इशारा देणारं द्रव्य सॅलिसिलिक आम्ल आहे, हे 1987 साली दाखवलं गेलं. नरफुलांत ते तयार होतं आणि वर टोकाकडे जातं. ताप आला की आपण घेतो त्या अ‍ॅस्पिरिनच्या गोळीचं हे सख्खं नातलग. ताप उतरवायला आपण ज्याच्याकडे धाव घेतो, त्याच्याच गोतातल्या द्रव्याने हे फूल तापतं. निसर्ग एकच रसायन कुठे कुठे वापरतो, हे पाहून मला अजूनही नवल वाटतं.

आता वासाच्या जातीकडे. भुंगेऱ्यांना बोलावणारे वास ढोबळमानाने दोन टोकांना जातात. एक टोक पिकलेल्या, आंबू लागलेल्या फळाचं. दुसरं टोक कुजण्याचं.

पहिल्या टोकाची ओळख आपल्याला परसातच होते. हिरवा चाफा घ्या. फूल पानाच्या रंगाचं, डोळ्याला सापडत नाही. पिवळं पडू लागलं की मात्र अंगणभर वास. तो वास फुलाचा वाटतच नाही, कुठेतरी फळ पिकतंय असं वाटतं. ही मोठी नेमकी जाणीव आहे, कारण त्यात फळांतच आढळणारी एस्टर प्रकारची रसायनं असतात. त्याच्या आतल्या पाकळ्या तळाशी जुळून एक बंद दालन करतात, आणि त्या वासावर येतात फळांच्या रसावर जगणारे, 2-3 मिलिमीटर लांबीचे तपकिरी भुंगेरे. सोनचाफा, कवठी चाफा ही मॅग्नोलियाच्या कुळातली फुलं. त्यांचा एक ब्राझीलियन भाऊबंद फळासारख्या वासाच्या एका एस्टरवर रात्री सायक्लोसेफाला भुंगेऱ्यांना बोलावतो. तर ब्राझीलमधल्याच काही रानसीताफळांत आणि सुरणाच्या कुळातल्या काही वनस्पतींत एक गंधकयुक्त रसायन तेच काम करतं. ही दोन कुळं एकमेकांपासून फार दूरची. तरी दोघांनी तोच शब्द उचलला, कारण ऐकणारा तोच होता.

दुसरं टोक पाहायचं तर बाजारात चला. पहिल्या पावसाच्या तोंडावर ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारांत आदिवासी बायका शेवळाच्या जुड्या घेऊन बसतात. इथे बसलेल्या पुष्कळ भगिनींनी ती निवडलेली असतील. बाहेरचं आवरण सोलायचं, आतला दांडा घ्यायचा आणि दांड्याच्या बुडाचा दाणेदार, पिवळट भाग काढून टाकायचा. तो फार खाजरा असतो. मग काकडं घालून भाजी. आता पुढच्या वेळी तो दाणेदार भाग टाकण्याआधी उजेडात धरून बघा. तीच या वनस्पतीची फुलं आहेत. खाली मादीफुलांचा पट्टा, त्याच्या वर नरफुलांचा. आणि आपण भाजीला घेतो तो वरचा लांब दांडा म्हणजे वासाचं यंत्र. भाजीची शेवळं न उमललेली असतात, म्हणून त्यांना वास नसतो. रानात उमललेल्या शेवळाजवळ गेलात तर कुजकट भपकारा येतो. कोकण आणि उत्तर सह्याद्रीतल्या या कुळावर झालेल्या अभ्यासात परागवाहक म्हणून लहान भुंगेरेच पुढे आले. सुरणाचं फूलही याच घराण्यातलं. सुमात्रातलं माणसाहून उंच वाढणारं त्यांचं प्रसिद्ध भावंड 1878 साली ओदोआर्दो बेकारीने पाहिलं, आणि त्याच्या दुर्गंधीतही गंधकाची संयुगं सापडतात.

कुजण्याच्या वासावर येणाऱ्याला तिथे मेलेलं जनावर मिळत नाही. म्हणजे फसवणूकच. फूल आणि कीटक यांचं नातं परस्परसहकार्याचं असतं, असं आपण मुलांना शिकवतो, आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण व्हिक्टोरिया पोटभर खायला घालते, फिलोडेंड्रॉन ऊब देतो आणि शेवळ काहीच देत नाही. वास मात्र तिघेही सोडतात. वास हे आश्वासन आहे, ते पाळलं जाईलच असं नाही.

पाळलेलं आणि मोडलेलं आश्वासन एकाच झाडावर पाहायचं असेल तर तेलमाड पाहा. हे झाड मूळ पश्चिम आफ्रिकेचं. 1848 साली त्याची चार रोपं जावातल्या बोगोरच्या बागेत लावली गेली आणि आग्नेय आशियातल्या अवाढव्य लागवडीची सुरुवात तिथून झाली. पण एक अडचण होती. मलेशियात फळं नीट धरत नसत. एकाच झाडावर नर आणि मादी फुलोरे वेगवेगळ्या काळात येतात, आणि पराग पोचवायला मळ्यांत मजूर लावावे लागत. हाताने पराग फवारत फिरायचं, झाडामागून झाड. तज्ज्ञांची समजूत होती की तेलमाडाचं परागीभवन वाऱ्याने होतं, त्यामुळे कीटकाचा शोध घ्यायचं कोणाला सुचलं नाही.

रहमान सय्यद या पाकिस्तानी कीटकशास्त्रज्ञाला ते सुचलं. ते कॅमेरूनला, झाडाच्या माहेरी गेले आणि तिथे फुलोऱ्यांवर एक चिमुकला सोंड्या भुंगेरा गर्दी करताना त्यांना दिसला. पुरेशा चाचण्या करून 1981 साली तो मलेशियात सोडला गेला. फळधारणा वाढली आणि हाताने परागीभवन करण्याचं काम संपलं. 1985 साली तो भारतातही आणला गेला. हा सोंड्या येतो कशावर? एस्ट्रॅगोल नावाच्या द्रव्यावर. बडीशेपेच्या वासात ज्याचा वाटा आहे, तेच हे. नर फुलोरा हा वास सोडतो आणि सोंड्याला पराग देतो, अंडी घालायला जागाही देतो. मादी फुलोराही तोच वास सोडतो, आणि देत काहीच नाही. सोंड्या फसून त्याच्यावर उतरतो आणि तेवढ्यात पराग पोचतात. जगातल्या एवढ्या मोठ्या खाद्यतेलाचा धंदा या चुकीच्या भेटीवर उभा आहे.

जायफळाचंही असंच. नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. फुलं दोन्हींची सारखी, लहान, मेणचट, फिकट पिवळी, रात्री उमलून सुवास देणारी. दक्षिण भारतातल्या बागांत केलेल्या निरीक्षणात मुंगीसारखा दिसणारा एक बारीक भुंगेरा त्यांचा परागवाहक निघाला. नराकडे त्याला पराग मिळतात, मादीकडे काही नाही, पण वास आणि रूप तेच. आपल्याकडे दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे-हेवाळे इथे रानजायफळाची दलदल आहे, जैवविविधता वारसा स्थळ म्हणून ती जाहीर झाली आहे. गोव्यात सत्तरीतल्या निरंकाराच्या राईतही अशी झाडं आहेत. तिथे देवाच्या नावाने राखलेल्या पाण्यामुळे आणि सावलीमुळे झाडाबरोबर त्याचे किडेही राहिले, हे मला फार मोलाचं वाटतं. नुसतं झाड राखून भागत नाही हे मलेशियाने कित्येक दशकं अनुभवलं.

पाहुण्याच्या निरोपाविषयी एक उदाहरण देऊन पुढे जातो. मेक्सिकोतला झामिया फुलझाड नव्हे, सायकसच्या गटातला, शंकू धरणारा. कुंडीत लावलेला तुम्ही पाहिला असेल. त्याचे परागवाहकही सोंडेच आहेत. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की त्याच्या वासातलं एक द्रव्य थोडं असताना भुंगेऱ्यांना ओढतं आणि वाढलं की हाकलतं. एकच रसायन, दोन हुकूम. सायकसचा गट फुलझाडांहून जुना आहे, त्यामुळे वासाने पाहुण्याला बोलवायची आणि घालवायची युक्ती फुलांच्याही आधीची असावी, असा तर्क त्यावरून केला जातो.

शेवटी सीताफळ, कारण बीड, पुरंदर, धारूरकडचे काही बागायतदार आज मुद्दाम आलेले आहेत. सीताफळ अमेरिकेतून आलं. फुलं लागतात भरपूर, फळं धरतात मोजकी, ही तुमची जुनी तक्रार. त्यासाठी भल्या पहाटे ब्रश घेऊन हाताने परागीभवन करणारेही तुमच्यात आहेत. हे काम करणारे भुंगेरे तुमच्या बागेत असतात, कुजलेल्या फळांत. हिरव्या चाफ्याकडे येतात त्यांच्याच कुळातले. इस्रायलमध्ये 1982 साली या भुंगेऱ्यांचा वाटा सिद्ध झाला. फ्लोरिडात तर जातभाईंना जमवण्यासाठी हे भुंगेरे जो गंध सोडतात, तोच बागेत ठेवून पाहिला आणि फळधारणा वाढली. सीताफळाने परक्या देशात जोडीदार मिळवला, कारण त्याचा वास सर्वत्र ओळखला जाणाऱ्या आंबलेल्या फळाचा आहे. व्हिक्टोरियाला हे इतकं सोपं नाही. म्हणून बहाराच्या दिवसांत फवारणी करताना आणि झाडाखालचं प्रत्येक सडकं फळ वेचून जाळताना, त्यातून कोण जातंय याचा हिशेब धरायला हवा. फळमाशीचा बंदोबस्त करावा लागतो हे मला ठाऊक आहे. तरीही.

मी सीताफळाच्या दोन फांद्या आणल्या आहेत, त्या पुढच्या टेबलावर आहेत. फुलाच्या तीन जाड पाकळ्या बोटांनी हळूच फाका. पाकळ्या जेमतेम उघडलेल्या आणि मधला उंचवटा ओला, चकाकता दिसला तर ते फूल मादी अवस्थेत आहे, त्याचा वास घ्या. पाकळ्या सताड उघड्या आणि केसर मोकळे होऊन गळत असतील तर ते नर झालंय, त्याचाही घ्या. पाकळ्यांच्या तळाशी जांभळट डाग असतो, तिथे भिंगाने पाहिलंत तर एखादा भुंगेरा दिसेल. भिंगं चार आहेत, तेव्हा रांगेने या.